सवलत, गर्दी आणि दार

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाताळच्या खरेदीचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर बाजारात झुंबड उडते, तसेच काहीसे. मात्र तेथील मोठ्या दुकानांनी एक वेगळी रीत पाडली होती. दारे भल्या पहाटे उघडायची आणि काही मोजक्या वस्तू अगदी कमी किमतीत ठेवायच्या. मोजक्या, म्हणजे आधी येणाऱ्यांनाच मिळतील इतक्या. या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी गर्दीला आणि वाहनांच्या खोळंब्याला वैतागून हे नाव रूढ केले. दुकानदारांना ते प्रथम मुळीच रुचले नव्हते. पुढे त्यांनीच ते जाहिरातींत मिरवले.

२८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर व्हॅली स्ट्रीम येथील वॉलमार्टच्या दुकानाबाहेर सुमारे २,००० माणसे जमली होती. पुष्कळजण आदल्या रात्रीपासून थंडीत उभे होते. पहाटे पाचच्या सुमारास दारांवरचा दाब असह्य झाला. आतील कामगारांनी हातात हात घालून साखळी केली, पण दरवाजे मोडले आणि लोंढा आत घुसला. त्यात ३४ वर्षांचा एक हंगामी कामगार सापडला आणि मरण पावला. हा गृहस्थ सव्वासहा फुटांहून उंच आणि सुमारे १२० किलो वजनाचा होता. दारापाशी त्याला उभे करण्यामागे त्याची ही शरीरयष्टीच होती, असे नंतर सांगण्यात आले.

लोकांनी दोष दिला तो हावेला. चार पैसे वाचवण्यासाठी माणसाच्या अंगावरून चालत जाणारी ही कसली माणसे, असा सगळा सूर होता. आम्हालाही ती बातमी वाचून प्रथम तसेच वाटले. पण शवचिकित्सेतून निघालेले मृत्यूचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे: श्वास कोंडणे.

इंग्रजीत अशा घटनेला 'स्टँपीड' म्हणतात. तो शब्द मूळचा बिथरून पळत सुटलेल्या गुरांचा. मराठीतला 'चेंगराचेंगरी' हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या अधिक बरोबर आहे, कारण अशा घटनांत माणसे बहुधा पळत नसतात. पळायला जागाच नसते. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगावा लागतो आणि श्वासपटल खाली सरकावे लागते. चारी बाजूंनी अंगे दाबली गेली की पिंजरा फुगत नाही. काही मिनिटांत माणूस उभ्या-उभ्याच गुदमरतो. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे असतील तर आपण सहज चालू शकतो. चार झाली की अंगाला अंग लागते. सहा-सात झाली की कोणीही आपल्या इच्छेने हलत नाही. गर्दी द्रवासारखी वागू लागते आणि मागचा धक्का लाटेसारखा पुढे पोचतो. गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की अशा दाबाने पोलादी कठडेही वाकलेले आहेत. तेथे सव्वासहा फुटी देहाचा काय पाड!

हे सगळे सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा घडून गेले होते, आणि तेव्हा बळी पडली ती मुले होती.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड हे एके काळचे जहाजबांधणीचे शहर आहे. तेथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी, शनिवारी दुपारी, मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला पुस्तक, खेळणे असे काहीतरी मिळण्याची संधी आहे, अशी जाहिरात केलेली होती. सुमारे १,१०० मुले वरच्या गॅलरीत बसली होती. सोबत मोठी माणसे फारच थोडी. खेळ संपताना रंगमंचावरून खालच्या मुलांना भेटी वाटायला सुरुवात झाली. वरच्या मुलांनी ते पाहिले. आता आपल्याला काही उरणार नाही, असे वाटून ती जिन्याकडे धावली.

जिन्याच्या तळाशी दार होते. ते आतल्या बाजूला, म्हणजे जिन्याकडे उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जाऊ शकेल एवढी फट ठेवून कडीने जमिनीला पक्के केलेले होते. तिकिटे तपासणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू असावा. पहिली मुले फटीत अडकली. मागची मुले जिन्याच्या वळणापलीकडे होती. पुढे काय झाले आहे हे त्यांना दिसतही नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. ती उतरतच राहिली. मोठी माणसे बाहेरून धावली, पण कडी दाराच्या आतल्या बाजूला होती. शेवटी त्या फटीतून एकेक मूल ओढून काढावे लागले. फ्रेडरिक ग्रॅहॅम नावाच्या रखवालदाराने प्रसंगावधान राखून सुमारे ६०० मुलांना दुसऱ्या वाटेने बाहेर नेले. १८३ मुले मृत्यू पावली. ती तीन ते चौदा वर्षांची होती.

चौकशी झाली. ती कडी कोणी लावली, हे अखेरपर्यंत निश्चित ठरले नाही.

या मुलांना कोणी हावरट म्हणणार नाही. मागच्या मुलाने पुढच्याला जाणूनबुजून चिरडले असेही कोणी म्हणणार नाही. मग व्हॅली स्ट्रीमच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाबद्दल आपण ते इतक्या खात्रीने कसे म्हणतो? त्याच्या दृष्टीने रांग पुढे सरकत होती, इतकेच. गर्दीत धक्का मागून पुढे जातो, पण बातमी पुढून मागे येत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ माणसे गेली, तेथेही पावसामुळे जिन्यावर माणसे थबकलेली होती आणि मागून येणाऱ्या गाड्या नवी माणसे आणून ओततच होत्या. तेथे तर काही फुकट मिळणारही नव्हते.

संडरलंडनंतर ब्रिटनमध्ये कायदा झाला: सार्वजनिक सभागृहांना बाहेर पडण्याची पुरेशी दारे हवीत आणि ती बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. चित्रपटगृहांच्या दारांना आतून एक आडवी दांडी असते. अंगाचा भार पडला तरी कडी सुटते. अशा दांडीचे पेटंट रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये घेतले. संडरलंडमधल्या त्या दारामुळे त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात.

दार नसतानाही हे घडू शकते. मे १८९६ मध्ये झार निकोलस दुसरा याच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोजवळच्या खोदिंका मैदानावर भेटी वाटायच्या होत्या: राज्याभिषेकाचा शिक्का असलेला पेला, पाव, सॉसेज, गोड वड्या. भेटी होत्या सुमारे चार लाख आणि माणसे आली सुमारे पाच लाख. सगळ्यांना पुरणार नाही, ही अफवा पहाटे पसरली. आणि गणित पाहता ती अफवा तरी कशी म्हणावी? मैदानात खड्डे आणि चर होते. सरकारी आकड्यानुसार १,३८९ माणसे मेली. त्याच रात्री झार फ्रेंच राजदूताच्या नृत्यसमारंभाला गेला. रशियन जनता ते कधी विसरली नाही.

गुस्ताव ल बों या फ्रेंच लेखकाचे समूहमनावरचे पुस्तक १८९५ चे, म्हणजे खोदिंकाच्या आदल्याच वर्षीचे. गर्दीत मिसळला की माणूस विवेक गमावतो, हे त्याचे मत. ते इतके रुजले की प्रत्येक दुर्घटनेनंतर दारे, जिने मोजण्याऐवजी आपण माणसांचे स्वभाव मोजत बसतो. सन २००० मध्ये डिर्क हेल्बिंग, इल्लेश फारकाश आणि तामाश विचेक यांनी 'नेचर'मध्ये संगणकावरची एक प्रतिकृती मांडली. तिच्यात हावही नव्हती आणि वेडही नव्हते. काही वेगाने दाराकडे निघालेली, एकमेकांना ढकलणारी वर्तुळे, बस्स. वेग वाढवला की दाराशी वर्तुळांची कमान अडकत होती आणि बाहेर पडण्याचा एकूण वेळ वाढत होता. पिठाच्या गिरणीत धान्य वरच्या चाड्यात अडकते आणि गिरणीवाला बाजूला थाप मारतो, ते आठवावे.

२००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने वॉलमार्टला ७,००० डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीने तेवढ्याशा दंडाविरुद्ध दाद मागितली; २०११ मध्ये न्यायाधीशांनी दंड कायम केला. कारण रकमेचे नव्हतेच. गर्दीची जबाबदारी दुकानदाराची, हे एकदा मान्य झाले असते तर पुढच्या प्रत्येक सेलच्या वेळी ते अंगाशी आले असते. दरम्यान २००९ च्या सणाला कंपनीने एक साधी गोष्ट केली. आपली बहुतेक दुकाने तिने गुरुवारपासून बंदच केली नाहीत. पहाटे पाच वाजता उघडायला दारच उरले नाही. माणसे तीच होती आणि सवलतीही होत्याच.

विद्यार्थ्यांसोबत वर्गात खडूने एक मीटरचा चौरस आखून त्यात चार मुले उभी करून पाहावीत. पाचवे घेऊ नये. मग शाळेच्या सभागृहाची दारे कोणत्या बाजूला उघडतात आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांतली किती कुलूपबंद असतात, याची नोंद मुलांनाच करायला सांगावी.