दगडी वस्ती आणि तिचा खड्डा

गोव्याच्या इतिहासात मोझांबिक बेट वारंवार भेटते, पण बहुधा वाटेवरचा थांबा म्हणूनच. लिस्बनहून निघालेली जहाजे इथे विसावत आणि वारा अनुकूल झाला की गोव्याकडे निघत. प्रत्यक्षात या बेटाचे नाव पुढे अख्ख्या देशाला मिळाले. १७५२ पर्यंत इथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता आणि १८९८ पर्यंत ते त्या मुलखाची राजधानी होते. म्हणूनच ते पाहावे, असे मला वाटत होते.

बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आहे. मुख्य भूमीवरून अरुंद पूल ओलांडून तिथे पोहोचता येते. उत्तरेच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचा किल्ला आहे. त्याचे काम १५५८ मध्ये सुरू झाले. १६०७ आणि १६०८ मध्ये डचांनी त्याला वेढे घातले, पण तो पडला नाही. तटाबाहेर, अगदी समुद्रालगत, १५२२ चे छोटे चॅपल किल्ल्याहूनही जुने आहे. बेटावर गोडे पाणी नाही, म्हणून घरांची छपरे सपाट बांधून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवले जाई. किल्ल्यातही असेच मोठे टाके आहे. जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गोव्याच्या धाटणीचे कोरीव लाकडी सामान पाहताना मला परकेपणा वाटला नाही.

दक्षिणेकडे गेल्यावर मात्र रस्त्यावरून चालताना घरांची छपरे डोळ्यांच्या पातळीवर येतात. ही 'माकुती' वस्ती, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या घरांची. ती सखल आहे, कारण उत्तरेकडचे वाडे आणि कचेऱ्या बांधण्यासाठी लागणारा चुनखडीचा दगड इथूनच काढला गेला. दगड गेला तिकडे सत्ता वसली. खड्डा उरला तिथे कष्टकरी राहिले. पावसाळ्यात पाणीही इथेच साचते.

या कहाणीत आपलाही हात आहे. १६८६ मध्ये व्हाइसरॉयने दीव ते मोझांबिक व्यापाराची मक्तेदारी दीवच्या बनियांच्या कंपनीला दिली. गुजरातेत विणलेले कापड हेच या किनाऱ्यावर चलनासारखे चाले. त्याच्या बदल्यात हस्तिदंत येई आणि अठराव्या शतकापासून गुलाम म्हणून विकली जाणारी माणसेही मोठ्या संख्येने येऊ लागली. पोर्तुगीजांनी आपल्यावर केलेल्या जुलमांची नोंद आपण काटेकोर ठेवतो. त्यांच्याच छत्राखाली आपल्या व्यापाऱ्यांनी काय मिळवले, हे पान मात्र सहसा उलटत नाही.

१९९१ मध्ये युनेस्कोने हे बेट जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते दोन्ही वस्त्यांसह. मला हा निर्णय इतिहासाच्या दृष्टीने नेमका वाटतो. वाडा आणि खाण एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. किल्ला पाहून परतणाऱ्याला त्या हिशेबातली फक्त जमेची बाजू दिसते.