उष्णतेचा हिशेब

उष्णता म्हणजे काय, हे उमगण्यापूर्वीच तिचा हिशेब मांडण्याची रीत माणसाला सापडली होती. हे काहीसे उफराटे वाटेल खरे. पण आगगाडीच्या बॉयलरपासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत ज्या नियमावाचून इंजिनियराचे पान हलत नाही, तो नियम असाच हाती आला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक विद्वान उष्णता हा एक वजनरहित द्रव मानीत. त्याचे नाव ‘कॅलरिक’. काउंट रम्फर्ड याने म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या धातूवर बोथट गिरमिट घासून अडीच तासांत पाण्याला उकळी आणली. घासत राहावे तोवर उष्णता निघतच राहते. मग साठवलेला द्रव असा अक्षय कसा? 1798 साली त्याने हा सवाल रॉयल सोसायटीपुढे टाकला. तरीही कॅलरिकचे राज्य पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालले.

या वादात न शिरणारा गृहस्थ म्हणजे जोसेफ फूरिये. जातीचा फ्रेंच, शिंप्याचा मुलगा, नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला. 1802 पासून ग्रनोबल येथे तो प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारखा अंमलदार होता. दलदली उपसाव्या, सडका बांधाव्या, आणि उरल्या वेळात लोखंडाचे कडे तापवून, त्यातील भोकांत बसवलेल्या थर्मामीटरांवर उष्णतेची वाटचाल टिपावी, असा त्याचा क्रम. कलेक्टरकचेरीतून असे शास्त्र क्वचितच निघते!

त्याला दिसले ते असे. भिंतीच्या दोन बाजूंच्या उष्णतामानातील फरक दुप्पट केला तर दुप्पट उष्णता पार जाते. भिंत दुप्पट जाड केली तर निम्मी. क्षेत्रफळ वाढेल तशी ती वाढते. बाकी राहिला पदार्थाचा गुण : तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेते. 1807 साली त्याने हे पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडले. लाग्रांज व लाप्लास यांना त्याचे गणित पटेना. पुढे त्याच विषयावर बक्षीस मिळाले, तेही सिद्धतेत कसूर आहे असा शेरा मारून! ग्रंथ छापून निघाला तो 1822 साली.

या हिशेबाची गरज किती, हे बॉयलरवाल्यास विचारावे. जड पाण्याचा क्षार नळ्यांच्या आत बसतो. थर पातळ, पण लोखंडाच्या मानाने तो उष्णता फारच थोडी जाऊ देतो. कोळसा जळतो, पाण्याला धग पोचत नाही, आणि मधल्या मध्ये नळी तापून मऊ पडते व फुटते. तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. वाहत्या पाण्याने वा हवेने नेलेली उष्णता आणि निखाऱ्याची पोकळीतून येणारी झळ यांचे हिशेब वेगळे; पण नळीच्या धातूपुरता फूरियेचाच.

फूरिये 1830 साली वारला. पुढच्या दोन दशकांत जूल आदींच्या प्रयोगांनी कॅलरिक मोडीत निघाला आणि उष्णता ही गतीचेच रूप ठरली. फूरियेच्या समीकरणातले एक अक्षरही त्यामुळे बदलावे लागले नाही, कारण द्रव की गती, यावर त्याने काही टांगलेच नव्हते. उलट 1827 साली जर्मनीत ओमने तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून तारेतील विजेचा नियम बांधला. उष्णतामानाच्या फरकाच्या जागी विजेचा दाब आला, इतकेच.