डॉक्टर, जरा थांबा!

‘यादी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ शब्द ‘याद’, म्हणजे आठवण. मनात राहील याचा भरवसा नाही ते कागदावर उतरवायचे, ती यादी. वाण्याचे सामान, लग्नकार्य, प्रवास, सगळीकडे आपण ती करतो. पण मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला समोर यादी धरून काम करणे कमीपणाचे वाटते. हा कमीपणा किती महाग पडतो, याची गोष्ट विमानाच्या धावपट्टीवर सुरू होते आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत येते.

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या नव्या चार इंजिनांच्या विमानाची लष्करासमोर चाचणी होती. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे मुरलेले वैमानिक. विमान उडाले, सरळ वर चढले आणि कोसळून पेटले. मेजर हिल गेले, बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर यांचाही पुढे जखमांनी मृत्यू झाला. चौकशीत कळले की यंत्रात काहीच बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती.

लष्करी वैमानिकांनी यावर काय केले? जास्त शिकलेला वैमानिक शोधला नाही. उड्डाणाआधी, उड्डाणात, उतरण्याआधी आणि उतरल्यावर काय काय तपासायचे, याची छोटी यादी केली. तेच विमान पुढे ‘बी-१७’ म्हणून गाजले आणि बारा हजारांहून अधिक बांधले गेले.

दवाखान्यातही माणसे हुशार, कामे गुंतागुंतीची आणि विसर माणसासारखाच. तरी तिथे यादी पोचायला पासष्ट वर्षे लागली. २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अतिदक्षता विभागासाठी पाच ओळींची यादी केली. रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वी हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, रुग्णाला निर्जंतुक चादरीने झाका, अशी साधी कामे. ही कुणाला ठाऊक नव्हती? पण महिनाभर नर्सेसनी लक्ष ठेवले, तेव्हा दिसले की एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गाळली जात होती.

खरी क्रांती पुढे झाली. व्यवस्थापनाने नर्सेसना अधिकार दिला की पायरी सुटली तर डॉक्टरला थांबवायचे. दहा दिवसांत जंतुसंसर्ग होण्याचे शेकडा ११ हे प्रमाण वर्षभरात शून्यावर आले. पाच ओळी त्याच होत्या. नवा होता तो धाकट्याने थोरल्याला टोकण्याचा हक्क.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. ती करणाऱ्या गटाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा. पण वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. दिल्ली, लंडन, मनिला, टांझानियातले इफाकारा अशा आठ ठिकाणी ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल छापून आला. हजार रुग्णांमागे पंधरा दगावत होते, ते आठावर आले. या यादीत एक कलम असे आहे की चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. ज्याने एकदा नाव सांगितले, त्याला पुढे तोंड उघडणे सोपे जाते.

माझ्या अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. सिस्टरने तिला तीनदा विचारले, “आजी, नाव काय? कुठला डोळा?” अम्मी म्हणाली, “बेटी, मघाशीच सांगितलं की!” सिस्टर हसली, “सांगितलंत, तरी विचारायचं असतं.”

अर्थात यादी म्हणजे ताईत नव्हे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाली, पण २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण म्हणावे तसे घटलेले दिसले नाही. असे का, यावर वाद झाला. अनेक जाणकारांचे म्हणणे पडले की चौकटीत खूण करणे वेगळे आणि थांबून एकमेकांना विचारणे वेगळे.

मला हे म्हणणे पटते. आपल्याकडे मोठ्यांना मध्येच टोकणे उद्धटपणा समजतात. घरात, शाळेत, कचेरीत आपण तेच शिकतो. थिएटरमध्ये मात्र हा अदब जीव घेऊ शकतो. भिंतीवर लावलेला कागद स्वतःहून काही बोलत नाही. “डॉक्टर, जरा थांबा,” असे म्हणणाऱ्या सिस्टरची नोकरी सुरक्षित असेल, आणि डॉक्टर खरेच थांबत असतील, तरच त्या कागदाला अर्थ. म्हणून आपल्या माणसाला आत नेताना कुणी तेच ते पुन्हा विचारू लागले, तर वैतागू नका. तिसऱ्यांदाही नीट उत्तर द्या.