खांदेरीचा पेच, १६७९ : माझ्या एका चुकीची दुरुस्ती

पहूरहून बोलतोय. मागून ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या. जळगाव–संभाजीनगर रस्ता आमच्या गावातूनच जातो आणि तो काही रात्रीचा झोपत नाही.

आजचा भाग दुरुस्तीचा आहे. आरमारावरच्या एका जुन्या भागात मी मोठ्या जोशात सांगून टाकलं होतं, की १८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरीच्या समुद्रात मराठी आरमाराने इंग्रजांचा धुव्वा उडवला. एका रीलमध्ये ऐकलं होतं, तेच पुढे ढकललं. त्यावर अलिबागकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मासेमारी. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, त्या दिवशीची लढाई कोण जिंकलं ते राहू दे. रात्री बेटावर होड्या कोण नेत होतं, ते शोध आधी."

मी वाचायला बसलो. आणि खरं सांगतो भो, लाज वाटली. कारण त्या दिवशी आपला धुव्वा उडाला नसला, तरी आपण जिंकलोही नव्हतो. आणि तरीही बेट आपल्याकडेच राहिलं. हे कसं झालं, ते आज सांगतो.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळ थळ नावाचं गाव आहे. थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलं की दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्याच्या पलीकडचं खांदेरी. खांदेरी म्हणजे दोन छोट्या टेकड्या आणि मधला खोलगट भाग. तिथून मुंबई बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक गलबत दिसतं. गंमत म्हणजे, तोवर या खडकावर कोणी किल्ला बांधला नव्हता, पण मालकी सांगणारे बरेच होते. इंग्रज म्हणत, पोर्तुगीजांनी मुंबई दिली त्यात हे बेट आलंच. पोर्तुगीज म्हणत, आमचंच आहे. जंजिऱ्याचा सिद्दी तेव्हा मुघलांचा आरमारी सरदार होता, त्यालाही ते दुसऱ्या कोणाच्या हाती जायला नको होतं.

महाराजांना खांदेरी कशाला हवं होतं? सिद्दीसाठी. सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला, माझगावला येऊन मुक्काम करायचं आणि तिथून निघून कोकण किनारा जाळायचं. इंग्रजांना ते आवडत नव्हतं, पण सुरतेत व्यापार मुघलांच्या मर्जीवर चालत होता, म्हणून ते गप्प बसायचे. जंजिरा आणि मुंबई यांच्या वाटेवर आपली चौकी बसली की सिद्दीची ही ये-जा नजरेखाली येणार होती. १६७२ मध्ये महाराजांनी एकदा प्रयत्न केला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले, काम सोडावं लागलं.

आता १६७९. ऑगस्ट संपत आला होता. पावसाळ्याची शेपटी, समुद्र अजून खवळलेला, मोठी जहाजं बाहेर काढायची वेळ नाही. नेमकी हीच वेळ साधून मायनाक भंडारी दीडशेएक माणसं आणि चार छोट्या तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. दगड रचायला सुरुवात झाली.

सप्टेंबर लागताच मुंबईकर इंग्रजांनी माणूस पाठवला : बेट आमचं आहे, निघा. मायनाकचं उत्तर साधं होतं, की धन्याच्या हुकुमाशिवाय मी हलत नाही. इथून तो पेच सुरू झाला. इंग्रजांनी बेटाभोवती होड्या लावल्या. हुकूम असा, की शक्यतो लढू नका, फक्त रसद तोडा. युद्ध कोणालाच नको होतं. पाचच वर्षांपूर्वी, १६७४ मध्ये, त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला रायगडावर येऊन तह करून गेला होता.

इथे थोडं थांबतो, कारण तुम्ही म्हणाल, वाघूरच्या काठी बसून हा पोरगा समुद्राच्या काय गप्पा मारी राहिला? तर ऐका. याच कंपनीची एक वखार आपल्या धरणगावला होती. पहूरपासून साठ-सत्तर किलोमीटर. तिथलं कापड सुरतेला जायचं. खान्देश मुघलांचा, त्यामुळे १६७५ मध्ये मराठी फौजेने धरणगाव लुटलं तेव्हा इंग्रजांची वखारही त्यात सापडली. १६७९ मध्ये, म्हणजे खांदेरीचा पेच ज्या वर्षी पडला त्याच वर्षी, धरणगाव पुन्हा लुटलं गेलं. आमच्या शाळेत खान्देशचा इतिहास म्हणजे अहिल्याबाई आणि केळी. हे कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजांच्या वहीत धरणगावचं नुकसान आणि खांदेरीचा खर्च एकाच धन्याच्या खात्यावर पडत होता.

असो, परत बेटावर. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प नावाचा अधिकारी शिबाड घेऊन थेट बेटाला भिडला. वरून गोळीबार झाला. थॉर्प आणि त्याचे दोन साथीदार मारले गेले, शिबाड मराठ्यांच्या हाती पडलं. मग इंग्रजांनी रिचर्ड केग्विन आणि कॅप्टन मिंचिन यांना 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज देऊन पाठवलं. सोबत आणखी सात छोटी-मोठी गलबतं.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखान साठच्या आसपास गुराबा आणि गलबतं घेऊन आला. अर्ध्या तासात इंग्रजांची रांग मोडली. 'डोव्हर' नावाच्या गुराबेने निशाण उतरवलं, ती पकडली गेली. बाकीची गलबतं दूर गेली. एवढं ऐकून माझी रील थांबली होती. पण पुढे आहे. 'रिव्हेंज' एकटी उरली आणि हटली नाही. तिच्या तोफांनी, इंग्रजांच्याच कागदांनुसार, पाच मराठी गलबतं बुडाली आणि आपलं आरमार परत नागोठण्याच्या खाडीत गेलं. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आलं आणि इंग्रज जहाजं दिसताच पुन्हा आत वळलं.

आता हा पराभव म्हणायचा का? समोरासमोर तोफांच्या लढाईत म्हणाल, तर आपली जहाजं त्या एका फ्रिगेटपुढे टिकली नाहीत, हे मान्य करायला हवं. मला ते लपवण्यात काही अभिमान वाटत नाही.

पण ताईंचा प्रश्न आठवा. मोठं जहाज शिडावर चालतं. वारा पडला की ते नुसतं तरंगतं. रात्री समुद्र शांत झाला की थळच्या किनाऱ्यावरून वल्ह्यांच्या होड्या निघायच्या. हलक्या, उथळ तळाच्या, त्यामुळे खडकांमधूनही जायच्या. धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान टाकून पहाटेपर्यंत परत. इंग्रज पाहत राहायचे, पाठलाग करेपर्यंत होडी निसटलेली. मुंबईहून सुरतेला जी पत्रं गेली त्यात हीच तक्रार आहे, की या छोट्या होड्या आमच्या हाती लागत नाहीत. त्या वल्हेकऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही.

हल्लीच्या बातम्या पाहता ना? दक्षिण चीन समुद्रात सेकंड थॉमस शोल नावाचा खडक आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सने तिथे दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज मुद्दाम रुतवून ठेवलं, त्यावर मूठभर सैनिक राहतात. चीनची तटरक्षक जहाजं त्या सैनिकांपेक्षा त्यांना शिधा नेणाऱ्या बोटींच्या मागे जास्त असतात, त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारतात. बातमी वाचली की मला थळ आठवतं.

तिकडे जमिनीवरही दाब चालू होता. महाराजांनी चारएक हजार माणसं कल्याण-भिवंडीकडे पाठवली, ठाण्यावरून मुंबईत उतरायला. पोर्तुगीजांनी वाट दिली नाही, तेव्हा ती फौज पनवेलकडे वळली. मुंबईत घबराट. सुरतेचे वरिष्ठ वेगळ्याच काळजीत होते : खर्च. एका खडकासाठी जहाजं, माणसं, पगार किती दिवस?

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदतीला म्हणजे कसा, तर आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडण लागलं की एखादा लांबचा भाऊबंद मध्यस्थीला येतो तसा. त्याने खांदेरीवर तोफा डागल्या खऱ्या, पण लवकरच इंग्रजांच्या लक्षात आलं की बेट पडलं तर ते सिद्दी स्वतः ठेवणार. मग यापेक्षा मराठे काय वाईट? जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर बस्तान मांडलं, तिथे तटबंदी सुरू केली. दौलतखानाने त्याच महिन्यात उंदेरीवर हल्ला केला. तो फसला, दौलतखान स्वतः जखमी झाला. इंग्रजांनी आपली जहाजं काढून घेतली. मार्चमध्ये समझोता झाला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

३ एप्रिलला रायगडावर महाराज गेले.

म्हणून माझी दुरुस्ती अशी : १८ ऑक्टोबरचा विजय मी मागे घेतो. त्या जागी लिहा, ऑगस्ट ते जानेवारी, मायनाक भंडारी बेट सोडून गेला नाही आणि थळच्या होड्या थांबल्या नाहीत. जुन्या भागाखाली हे टाकलंय.

आणि विजय म्हणावा तर तोही अर्धाच. सिद्दीला रोखायला खांदेरी बांधली, तर सिद्दी थेट तिच्या समोर येऊन बसला. संभाजी महाराजांच्या काळातही उंदेरी घेण्याचा प्रयत्न फसला. दोन बेटांमधलं अंतर इतकं कमी, की एकीवरची तोफ दुसरीवर डागता येत होती, आणि ती डागली जात राहिली.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा मराठा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. नौदलाच्या पाणबुडीचं नावही 'खांदेरी' आहे. मी अजून तिथे गेलो नाही. ताई म्हणाल्यात, पावसाळा संपला की या, थळवरून होडीने नेते. गेलो की तिथूनच रेकॉर्ड करतो, त्या आवाजात निदान ट्रक नसतील.