कोलेस्टेरॉल गुणोत्तर

रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलला त्यातल्या एचडीएल या ‘चांगल्या’ भागाने भागले की येणारा आकडा. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर तो बहुधा तळाशी असतो. हृदयविकाराचा झटका आणि त्यातून ओढवणारा मृत्यू यांचा धोका आजमावण्यासाठी तो पाहतात. ५ च्या वर गेला तर काळजीचा, ३.५ च्या आसपास असला तर चांगला, असा ढोबळ हिशेब आहे.

एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या भिंतीत शिरून साचतात. एचडीएल तिथले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीत एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असे दिसले, आणि दोन्ही बाजू एका आकड्यात पकडण्याची रीत रुजली.

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात या आकड्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. कापूस-उसात राबणाऱ्या एखाद्या सडपातळ शेतकऱ्याचे एकूण कोलेस्टेरॉल १८० आले, तर घरचे "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट घडी करून ठेवतात. पण एचडीएल ३० असेल, तर गुणोत्तर ६ होते. ही स्थिती आपल्याकडे विरळ नाही. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (२०१४) सुमारे १४ टक्के लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल जास्त होते, तर ७२ टक्क्यांचे एचडीएल कमी होते. अंगाने बारीक असण्याचा भरवसाही धरता येत नाही: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण मोठे असते हे दाखवले आहे.

५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात (२००४) अशाच एका गुणोत्तराचा, एलडीएल व एचडीएल कणांवरील अनुक्रमे अपोबी आणि अपोए१ या प्रथिनांच्या गुणोत्तराचा, पहिल्या झटक्याशी सर्वांत घट्ट संबंध आढळला. धूम्रपान त्याच्या जोडीला. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी त्यातील दक्षिण आशियाई रुग्ण वेगळे काढून पाहिले (२००७). त्यांचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत जवळपास ५९ व्या. घर चालवणाऱ्या माणसाची ही सहा वर्षे फार मोलाची.

मात्र गुणोत्तर सुधारले म्हणजे मृत्यू टळला, असे नाही. टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएलही उतरले. तरी औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्याने २००६ च्या डिसेंबरात चाचणी थांबवावी लागली. याउलट १९९४ च्या स्कॅन्डिनेव्हियन चाचणीत, ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये, मुख्यतः एलडीएल उतरवणाऱ्या सिमव्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. म्हणून उपचाराचे लक्ष्य एलडीएल असते. वृद्धांमध्ये कमी कोलेस्टेरॉल असणारेच जास्त दगावतात असेही काही पाहण्यांत दिसते. त्यामागे पुष्कळदा आधीच जडलेला आजार असतो, जो कोलेस्टेरॉल खाली खेचतो.

गुणोत्तर कधी चकवतेही. एकूण १६०, एचडीएल ४० असो की एकूण ३००, एचडीएल ७५. उत्तर ४ च येते. ट्रायग्लिसराइड्स १५० धरले तर पहिल्याचे एलडीएल ९० निघते, दुसऱ्याचे १९५. एलडीएल १९० च्या पुढे असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो, आणि तसे आढळल्यास रुग्णाच्या भावंडांची व मुलांचीही रक्ततपासणी करतात.