राजा गेला, जात गेली का?

१९९६ साली नेपाळच्या रुकुम-रोल्पातून माओवाद्यांचा सशस्त्र उठाव सुरू झाला. दलित तरुणही बंदूक घेऊन लढले. २००८ ला राजेशाही संपली, प्रचंड पंतप्रधान झाले. २०११ ला अस्पृश्यताविरोधी कायदाही आला. तरी काठमांडूत भाड्याची खोली मिळावी म्हणून दलितांना आडनाव लपवावं लागतं. मे २०२० मध्ये पश्चिम रुकुममध्ये उच्च जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेलेल्या दलित तरुणावर जमाव तुटून पडला. सहा जण मारले गेले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये याच काठमांडूत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले होते. बळाने आणलेलं परिवर्तन मन बदलल्याशिवाय टिकत नाही, हा त्या भाषणाचा गाभा.

मित्रांनो, सत्ता हवीच. पण सत्ता आली की जात आपोआप जाईल, या भ्रमात राहू नका.

जय भीम!