सांधा : ऐरणीपासून घरच्या वेल्डिंग-यंत्रापर्यंत

श्रोतेहो, मोटारीची हौस असलेल्या घरांत हल्लीं एक नवाच प्रश्न निघूं लागला आहे. जुन्या जीपचा गंजून चाळण झालेला पत्रा बदलावयाचा असतो, मागें एखादा लहानसा ट्रेलर जोडावयाचा असतो, आणि घरांतील तरुण म्हणतो, "दर वेळीं वर्कशॉपवाल्याच्या दारांत कशाला तिष्ठत बसावयाचें? वेल्डिंगचें यंत्र आपणच घेऊं." वडील मंडळींना खर्च दिसतो, आईला आग दिसते. तरुणाचें म्हणणें मला सर्वस्वीं अमान्य नाहीं. परंतु लोखंडाला लोखंड जोडण्याची ही विद्या विश्वासाला पात्र कशी झाली, ही हकीकत ऐकल्यावांचून यंत्राची निवड करूं नये, असें मला वाटतें. आणि ती हकीकत सांगण्यास अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, यासारखें सोयीचें गांव क्वचितच सांपडेल.

विजापूरच्या तटावर आज दिसणारी 'मुलूख-मैदान' तोफ याच नगरांत निजामशाहीच्या काळीं, १५४९ सालीं, ओतली गेली. सुमारें ५५ टनांचें हें धूड पंचरसी धातूचें असून तें एकसंध आहे. त्यांत सांधा म्हणून नाहीं. १६३२ सालीं ती विजापुरास गेली. त्याच विजापुरांत उपळी बुरुजावर दुसरी एक लांबलचक तोफ आहे. ती मात्र लोखंडाच्या पट्ट्या उभ्या मांडून, त्यांवर कडीं चढवून, ठोकून एकजीव केलेली आहे. म्हणजे ओतणें आणि सांधणें हे दोन्ही मार्ग आपल्या कारागिरांना उत्तम अवगत होते. दिल्लीचा लोहस्तंभ तर सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं असाच तापवून, ठोकून सांधलेला.

हीच विद्या आपल्या खेड्यांतील लोहाराच्या भात्यापाशीं नांदत होती. बैलगाडीच्या चाकाची धाव तयार करतांना तो पट्टीचीं दोन्ही टोकें पांढरीफेक होईपर्यंत तापवी, वर वाळू किंवा टाकणखार टाकी, आणि घणाचे घाव घाली. तो खार कशासाठीं, असें विचारलें तर त्याचें उत्तर साधें असे : "मळ निघावा म्हणून." तापलेल्या लोखंडावर हवेमुळें जी खपली धरते, ती वितळवून बाहेर काढल्याशिवाय धातूला धातू भेटत नाहीं. श्रोतेहो, वेल्डिंगचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे. पुढच्या शोधकांना तेंच नव्यानें शिकावें लागलें.

विजेच्या ठिणगीनें धातू सांधण्याची युक्ति रशियांतील बेनार्डोस यानें १८८० नंतरच्या दशकांत साधली. त्याची काडी कोळशाची होती. स्लाव्यानोव यानें लवकरच धातूचीच काडी वापरली. पण उघड्या काडीचा सांधा ठिसूळ होई, कारण हवा आंत शिरे. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं स्वीडनमधील शेलबर्ग यानें काडीवर खारांचा लेप दिला. जळतांना लेपाचा धूर सांध्याभोंवतीं पडदा धरतो आणि मळ वर तरंगतो. लोहाराची वाळूच ती, फक्त वेष पालटून आलेली!

तथापि मोठ्या कामांत लोकांचा भरंवसा बराच काळ रिव्हेटवरच होता. याची साक्ष पाहावयाची तर नगरला जावें. हें गांव फार वर्षांपासून चिलखती दलाच्या शिक्षणाचें ठिकाण आहे. तेथें १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार तेथें आहे. व्हॅलेंटाईन रणगाडा आहे, जपानी 'चि-हा' आहे. यांच्या अंगावर रिव्हेटांचीं डोकीं रांगेनें दिसतात. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचा दोष उघड झाला : गोळा बाहेर आदळला कीं रिव्हेटाचें आंतलें टोक तुटून गोळीसारखें आंतल्या शिपायांवर उडे. चिलखत शाबूत, पण माणूस जायबंदी. म्हणून त्याच संग्रहालयांतील चर्चिल जातीचा सातव्या नमुन्याचा रणगाडा पाहावा. याच्या आधींच्या चर्चिलांवर रिव्हेट होते. याचे जाड पत्रे वेल्डिंगनें सांधलेले आहेत.

मग वेल्डिंग निर्दोष ठरलें काय? नाहीं. १९४३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें 'शेनेक्टाडी' नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत, धक्क्याला बांधलेलें असतां, मधोमध फाटलें. थंडीनें पोलाद ठिसूळ झालें होतें, सांध्यांत दोष होते. आणि मुख्य म्हणजे, रिव्हेटाच्या जहाजांत एका पत्र्याची चीर त्या पत्र्यापुरती थांबे, ती येथें अखंड पत्र्यांतून धांवत गेली. सांधा वरून गुळगुळीत दिसतो म्हणून आंतूनहि बरा असतो, ही समजूत त्या दिवशीं बुडाली.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या नगर जिल्ह्याच्या शेतांपर्यंत पोंचली. १९५० सालीं लोणी येथें प्रवरेच्या कांठचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९५१ सालीं मुंबईंत अडवाणी-ओर्लिकॉन ही वेल्डिंगच्या काड्या करणारी कंपनी निघाली. उसाची गाडी हळूहळू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वाट देऊं लागली, आणि धाव बसविणाऱ्या लोहाराच्या शेजारीं वेल्डिंगचें दुकान उभें राहिलें. टनावारी ऊस आणि त्यावर बसलेलीं माणसें अशाच सांध्यांवर भिस्त ठेवून रस्त्यानें जातात.

आतां घरच्या यंत्राकडे वळूं. जुनें ट्रान्स्फॉर्मरचें यंत्र एकट्यानें उचलवत नसे. आजचें इन्व्हर्टर यंत्र हातांत धरून माडीवर नेतां येतें. कंसाच्या किंवा चॅनेलच्या कामाला, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला, काडीचें यंत्र पुरतें. अडीच मिलिमीटरची काडी साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालते. परंतु मोटारीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. त्यावर काडी टेकली कीं भोंक! त्याला बारीक तारेचें, वायूचा पडदा धरणारें मिग यंत्रच हवें; हें तंत्र १९४८ सालीं अमेरिकेंत पुढें आलें. विकत घेतांना मोठ्या आंकड्याला भुलूं नये. पाटीवर २०० अँपिअरपुढें ६० टक्के लिहिलें असेल, तर दहा मिनिटांतून सहाच मिनिटें तें काम करील, असा अर्थ. घरच्या वीजजोडणीला तो भार सोसतो कीं नाहीं, हें वायरमनला आधीं विचारावें. यंत्रापेक्षां डोळ्यांवरच्या काळ्या कांचेला अधिक पैसे द्यावे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा सांधतांना धुरानें ताप भरतो, म्हणून मुलामा घांसून काढावा. मोटारीची बॅटरी सोडवून ठेवावी. आणि पेट्रोलची टांकी, रिकामी दिसली तरी, जाळाजवळ आणूं नये.

चासी, स्टिअरिंग व ब्रेक यांना मात्र नवशिक्यानें हात लावूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ बांधणींत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं, आणि तें मला योग्यच वाटतें.

यंत्र घरीं आल्यावर पहिले कांहीं आठवडे भंगाराच्या पट्ट्या सांधाव्या. एक पट्टी पकडींत आवळावी, दुसरीवर हातोडा घालावा, आणि तुटलेल्या सांध्याच्या पोटांत नीट पाहावें. तेथें राखेचे खडे किंवा बुडबुड्यांचीं भोंकें दिसत असतील, तर जीप अजून कांहीं दिवस अंगणांतच उभी राहूं द्यावी.